दर सोमवारची मीटिंग आणि 'पुढच्या वेळी घेऊ' : विषयपत्रिका सांभाळता कशी?

शेवपरमल | सोमवार, रात्री ९:४०

लोकहो, इंदुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळतो. नऊ माणसं, सुपर कॉरिडॉरच्या अलीकडे ऑफिस, दर सोमवारी साडेदहाला पाऊण तासाची मीटिंग. (साडेदहाच का, तर त्याआधी कोणाचे पोहे संपत नाहीत.)

आज विषय क्रमांक ९ आला, 'टेस्ट सर्व्हर हलवणे'. मी सवयीनं म्हटलं, वेळ झाली, हा पुढच्या वेळी घेऊ. तर कोपऱ्यातून आमची सगळ्यात नवी पोरगी हळूच म्हणाली, "सर, मैं जॉइन हुई उस दिन भी आपने यही बोला था." तिला जॉइन होऊन अकरा आठवडे झालेत. सगळे हसले, मीही हसलो, आणि दुपारपासून डोकं तिथंच अडकलंय.

आम्ही ओपनप्रोजेक्ट नावाचं कामं नि बैठका सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरतो, आमच्याच मशीनवर बसवलेलं. त्यात मीटिंगची मालिका करता येते. एकदा साचा बनवायचा, मग दर आठवड्याची बैठक त्या साच्यातून उघडते. एखादा विषय राहिला की त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर जायचं आणि 'पुढच्या बैठकीत हलवा'. एक क्लिक, संपलं. इतकं सोपं आहे की बहुतेक घोळ तिथंच आहे. कारण हलवलेला विषय जुन्या बैठकीतून निघून जातो आणि नव्या बैठकीत असा येऊन बसतो जणू आजच जन्मला. किती वेळा ढकलला, कोणी ढकलला, का, काही दिसत नाही.

दुसरं दुखणं. मागच्या महिन्यात साचा बदलला, 'रजा' हा विषय वर आणला. पण पुढच्या दोन बैठका आधीच उघडून ठेवल्या होत्या, त्या जुन्याच साच्यावर राहिल्या. दोन सोमवार अर्धी टीम एक विषयपत्रिका बघतेय, अर्धी दुसरी.

आणि तिसरं, लोक विषय टाकतात सोमवारी सकाळी दहा पंचविसाला.

तर प्रश्न असा: दर वेळी नवी विषयपत्रिका करावी, की एकच लांबलचक यादी चालू ठेवून तिच्यातून घ्यावं? तुमच्याकडे उरलेल्या विषयांचं काय होतं?

टिचकी | सोमवार, रात्री ९:४४

मीटिंग बंद करा. विषय आपोआप सुटतील.

शेवपरमल | सोमवार, रात्री ९:५१

टिचकी, मागच्या महिन्यात मुलाच्या मुंजीच्या धाग्यावरही तुझं हेच उत्तर होतं रे.

लष्करकर | सोमवार, रात्री १०:१५

इकडे ग्वाल्हेरला आमच्या कॉलेजात विषयपत्रिका फार उत्तम असते. विषय १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय २, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. मधलं काही नाही. सव्वा तास चालते.

शून्यएक | सोमवार, रात्री ११:०२

शेवपरमल, तुमच्या तिन्ही दुखण्यांचं मूळ एक आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

कॅलेंडरच्या पोटात 'दर सोमवारची मीटिंग' म्हणजे बावन्न बैठका नसतातच. एकच नोंद असते आणि तिच्यासोबत एक नियम असतो: दर आठवड्याला, सोमवारी. जवळपास सगळी कॅलेंडरं जे आयकॅलेंडर नावाचं मानक पाळतात (पहिलं १९९८ चं, मग २००९ साली सुधारून आरएफसी ५५४५ या क्रमांकाचं झालं), त्यात हा अख्खा नियम एका ओळीत बसतो. तुमच्याकडे रंगपंचमी सोमवारी आली, गेरच्या मिरवणुकीमुळे ऑफिस बंद, की ती तारीख वगळलेल्या तारखांत जाते. एखादी बैठक मंगळवारी सरकवली की तेवढ्यापुरती वेगळी नोंद तयार होते आणि ती मूळ सोमवारच्या तारखेनं मालिकेला बांधलेली राहते.

आता विषय कुठे लिहिणार? मालिकेवर लिहिला तर तो बावन्नही सोमवारांचा झाला. एका सोमवारावर लिहिला तर त्या सोमवाराबरोबर गेला. उरलेला विषय या दोघांचाही नसतो. त्याला तिसरं घर लागतं, आणि ते नसतं म्हणून तो दर आठवड्याला भाड्यानं राहतो.

माझं झालेलं सांगतो. जुन्या नोकरीत मी विषय कॅलेंडरच्या मालिकेवरच, खालच्या रकान्यात लिहायचो. दर आठवड्याला खोडून नवे. वर्षभर झकास चाललं. मग ऑडिटवाल्या बाईंनी मार्चमधली एक बैठक उघडली आणि विचारलं, मार्च महिन्यात तुम्ही दिवाळीच्या सुट्ट्यांवर चर्चा करत होतात का? मालिका एकच, रकाना एकच, त्यामुळे मार्चपासूनच्या प्रत्येक बैठकीवर ऑक्टोबरचेच चार विषय दिसत होते. बाकी सगळे माझ्याच हातानं पुसलेले.

साच्याचं तुमचं जे झालं ते बरोबरच आहे. बैठक उघडली म्हणजे साच्याची प्रत निघाली. नंतर साचा बदलला तरी निघालेली प्रत बदलत नाही, आणि बदलूही नये, नाहीतर माझ्यासारखं होईल. उपाय साधा आहे, एका वेळी एकच पुढची बैठक उघडायची. महिनाभराच्या उघडून ठेवायच्या नाहीत.

अळणी | सोमवार, रात्री ११:२०

एवढं करण्यापेक्षा एक्सेल.

गराडू | मंगळवार, सकाळी ८:०५

शेवपरमल, मीही इंदूरचीच, राजेंद्र नगर. आधीच्या कंपनीत आम्ही उरलेल्या विषयांसाठी ट्रेलो या ॲपवर बोर्ड ठेवला होता, एका विषयाचं एक कार्ड. त्यात 'कार्ड एजिंग' नावाचं एक जोडकाम असतं. कार्डाला बरेच दिवस कोणी हात लावला नाही की ते फिकट होत जातं. त्याचाच दुसरा अवतार पायरेट मोड, त्यात कार्ड जुन्या नकाशासारखं पिवळं पडतं, कडा फाटतात, चिरा जातात. आम्ही तोच लावला. पहिल्या महिन्यात सोमवारी बोर्ड पडद्यावर आला की कोणाकोणाची फाटकी कार्डं आहेत यावरच हशा, आणि लाजेनं बरेच विषय सुटले.

मग एकानं शोध लावला की कार्डावर नुसतं एक टिंब कॉमेंट म्हणून टाकलं की कार्ड पुन्हा कोरं करकरीत होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी हा माणूस आपल्या सगळ्या कार्डांवर एकेक टिंब देऊन घरी जायचा. तिसऱ्या महिन्यात सगळेच टिंबं देत होते.

तेव्हापासून माझा नियम: विषय तीनदा ढकलला गेला की तो उडवायचा. खरंच गरजेचा असेल तर कोणीतरी पुन्हा आणेल. नाही आणला तर गरज नव्हती.

टिचकी | मंगळवार, सकाळी ८:३१

टिंबवाल्याला माझा साष्टांग नमस्कार.

जुनीफाईल | मंगळवार, सकाळी १०:४०

गराडूताई, या 'उडवायचा' प्रकाराला माझा विरोध नोंदवून घ्यावा.

मी बडोद्याचा, कंपनी सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. आयुष्य विषयपत्रिका लिहिण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे कंपनी कायदा २०१३ प्रमाणे संचालक मंडळाच्या वर्षाला किमान चार सभा, दोन सभांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, सात दिवस आधी सूचना, आणि सभा झाल्यापासून तीस दिवसांत इतिवृत्त वहीत चढलं पाहिजे. तुमच्या सोमवारच्या बैठकीला यातलं काहीच लागू नाही. पण त्या शिस्तीतल्या दोन गोष्टी फुकट घेण्यासारख्या आहेत.

पहिली. प्रत्येक सभेपुढे मागच्या ठरावांचं काय झालं याचा अहवाल ठेवला जातो. तो विषयपत्रिकेच्या सुरुवातीलाच. म्हणजे जुनं देणं आधी, नवं नंतर. शेवपरमल, तुमचा ढकललेला विषय तळाला जातो, नवव्या क्रमांकावर. तिथपर्यंत कोणाचा दम टिकतो? अकरा आठवडे तो मीटिंगमध्ये आलाच नाही, फक्त यादीत आला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आम्ही विषय कधी नुसत्या नामानं लिहीत नसू. 'कारखान्याची जागा' असा विषय नसतो. 'कारखान्याच्या जागेच्या भाडेकराराचा विचार करून मंजुरी देणे' असा असतो, किंवा 'अमुक अहवालाची नोंद घेणे' असा. मंजुरी, नोंद, की नुसती चर्चा, हे वाचतानाच कळलं पाहिजे. 'टेस्ट सर्व्हर हलवणे' यात तुम्हाला नऊ जणांकडून नक्की काय हवंय? हो म्हणायला हवंय? तारीख हवीये? पैसे हवेत? मला तरी कळलं नाही, आणि मला वाटतं तुमच्या टीमलाही कळलं नसावं.

शेवपरमल | मंगळवार, दुपारी १:१५

काका, थेट वर्मावर. आत्ता जेवताना उघडून बघितलं. त्या विषयाखाली वर्णनाचा रकाना कोरा, मांडणाऱ्याचं नाव कोरं, वेळ ५ मिनिटं. ५ मिनिटं मीच टाकली असणार, प्रत्येक विषयाला तेवढीच टाकतो.

गराडू | मंगळवार, दुपारी १:४०

जुनीफाईल काका, विरोध नोंदवला. पण सांगा, संसदेत काय होतं? लोकसभा विसर्जित झाली की तिथं अडकलेली विधेयकं बाद होतात. नव्या सभागृहात पुन्हा पहिल्यापासून. हा माझाच नियम झाला ना?

जुनीफाईल | मंगळवार, दुपारी ३:०५

अर्धाच. राज्यसभेतच अडकलेलं आणि लोकसभेनं अजून संमत न केलेलं विधेयक लोकसभा गेली तरी बाद होत नाही. घटनेचं कलम १०७ बघा. म्हणजे घटनाकारांनी दोन कप्पे केले, एक रिकामा होणारा आणि एक टिकणारा. आणि नुसतं बाद केल्यानं विषय मरतो असं नाही. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा आलं, बाद झालं, पुन्हा आलं, पुन्हा बाद. २०१० मध्ये राज्यसभेनं संमत केलं तरी २०१४ ला लोकसभेबरोबर गेलं. शेवटी २०२३ ला मंजूर. सत्तावीस वर्षं.

लष्करकर | मंगळवार, दुपारी ३:२२

शेवपरमलचा सर्व्हर त्यामानानं ताजा आहे.

पोहेवाला_नव्हे | मंगळवार, दुपारी ४:१०

लोकसभेची कार्यसूची म्हणालात म्हणून, २०१४ ते २०१९ अध्यक्षपदावर आमच्या इंदूरच्या ताईच होत्या. सुमित्रा महाजन. जन्म चिपळूणचा, पण १९८९ पासून आठ वेळा इंदूरहून निवडून आल्या. अख्ख्या देशाची विषयपत्रिका एक इंदुरी मराठी बाई सांभाळत होती आणि आमच्या सोसायटीला पाण्याच्या टाकीचा विषय तीन सभांत मार्गी लावता येत नाही.

अळणी | मंगळवार, दुपारी ४:१८

ताईंच्या काळात सभागृहात किती गोंधळ

व्यवस्थापक | मंगळवार, दुपारी ४:२५

अळणी, इथेच थांबा. धागा विषयपत्रिकेचा आहे. राजकारणाचं दालन वेगळं आहे.

मोरपंखी | मंगळवार, रात्री ९:३०

मला तुमच्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे वहीत सुटलेला आहे, म्हणून लिहिते.

लोकमान्य नगरात आमचं महिलांचं छोटं मंडळ आहे. सासूबाई चिटणीस होत्या, आता मी आहे. वह्या लाल फडक्यात बांधलेल्या आमच्याच कपाटात. आज हा धागा वाचून १९९४ ची काढली. सासूबाईंची पद्धत अशी की डाव्या पानावर त्या महिन्याची सभा आणि उजव्या पानावर फक्त राहिलेले विषय. पान भरलं की वर 'मागील पानावरून पुढे' आणि उरलेले विषय नव्या पानावर हातानं उतरवायचे. हातानं, हे महत्त्वाचं. तुमच्यासारखं एक बोट दाबून होत नसे. तेच ते चौथ्यांदा लिहिताना माणसाला आपोआप राग येतो.

आणि विषय पुढे ढकलला की त्याच्या शेजारी तांबड्या पेन्सिलीनं एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. 'हॉलमधल्या सतरंज्या धुणे' या विषयाला पाच रेघा आहेत. पाचवी पडली की सासूबाई ज्या बाईनं विषय मांडला तिलाच सभेत उभं करायच्या आणि विचारायच्या, "हवंय की नकोय?" तिसरा पर्याय नाही. हवं असेल तर काम तिच्याच गळ्यात आणि तारीख तिथेच. सतरंज्यांसमोर लिहिलंय, 'हव्यात. श्रीमती (आमच्या शेजारच्या काकू) टेम्पो बघतील. संक्रांतीपूर्वी.' आणि पुढच्या पानावर बिल डकवलेलं आहे.

गराडू, तुझं तीनदा झालं की उडवायचं मला पटत नाही बरं का. काही माणसं विषय पुन्हा आणायला कचरतात. आमच्याकडे एका काकूंचा विषय असाच कोणी विसरलं आणि त्या सभेलाच यायच्या बंद झाल्या. आणि इंदुरात राहून हे तू कसं म्हणतेस? हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचा विषय सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. २२४ कोटी. तीस वर्षांहून जास्त. त्यातले किती जण तोवर गेले. तिथं कोणी म्हणालं असतं, तीनदा ढकललाय, उडवा, तर?

गराडू | मंगळवार, रात्री ९:५८

मावशी, हार मान्य. रेघांची पद्धत मी चोरतेय.

टिचकी | मंगळवार, रात्री १०:०४

मिलवरून आठवलं. मिल बंद, पण अनंत चतुर्दशीला मिलची झांकी (चित्ररथ) रात्रभर निघतेच ना तुमच्याकडे? मालिकेला शेवटची तारीख घातली नाही की असं होतं.

मोरपंखी | मंगळवार, रात्री १०:११

टिचकी, झांकीच्या वाटेला जाऊ नकोस. रात्रभर रस्त्यावर पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहतात लोक. तुझ्या मीटिंगला येतं का कोणी असं?

टिचकी | मंगळवार, रात्री १०:१३

शब्द मागे घेतो.

शून्यएक | बुधवार, सकाळी ७:५०

मोरपंखींचं उजवं पान म्हणजे मी म्हणालो ते तिसरं घर. ओपनप्रोजेक्टमध्ये ते आहे बरं का, मालिकेला बॅकलॉग असतो, म्हणजे राहिलेल्या विषयांची यादी. सगळ्या सोमवारांना तो एकच सामाईक. राहिलेला विषय पुढच्या बैठकीत न ढकलता बॅकलॉगमध्ये टाका, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तिथून हातानं उचला. हातानं उचलण्यातच निवड होते.

पण शेवपरमलची खरी तक्रार वेगळी आहे, किती वेळा ढकलला ते दिसत नाही. त्यासाठी 'हलवा' वापरूच नका. जो विषय एका बैठकीत संपणार नाही असं वाटतं, त्याचं आधी वर्क पॅकेज करा, म्हणजे कामाची रीतसर नोंद, माणूस आणि तारखेसकट. विषयपत्रिकेत नुसता मजकूर लिहिण्याऐवजी ते वर्क पॅकेज जोडा. बैठक चालू असताना त्या विषयाखाली निष्पत्ती लिहिता येते, तिथं लिहा: 'झाले नाही, अमुक कारण'. विषय त्या बैठकीतच राहू द्या, बैठक बंद करा. पुढच्या बैठकीत तेच वर्क पॅकेज नव्यानं जोडा. आता त्या वर्क पॅकेजच्या 'मीटिंग' टॅबवर गेलात की कुठल्या कुठल्या बैठकीत ते आलं आणि दर वेळी काय निष्पत्ती झाली, सगळं एकाखाली एक. पाच बैठका, पाच 'झाले नाही'. घ्या तुमच्या तांबड्या रेघा.

दोन मिनिटं जास्त लागतात. लागू देत. मोरपंखींच्या सासूबाईंना कळलं होतं ते हेच, ढकलणं सोपं ठेवायचं नाही.

सोमवारी दहा पंचविसाला येणाऱ्या विषयांचं उत्तर मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही.

लष्करकर | बुधवार, सकाळी ९:३०

त्याचं उत्तर मी माझ्या पहिल्या प्रतिसादातच दिलंय. आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने. आणि परवानगी द्यायची नाही.

जुनीफाईल | बुधवार, सकाळी ११:१०

लष्करकर थट्टा करतायत, पण तो नियम खरा आहे. आमच्याकडेही पत्रिकेत नसलेला विषय अध्यक्षांची परवानगी आणि हजर संचालकांपैकी बहुसंख्यांची संमती असली तरच घेता येतो. शेवपरमल, शुक्रवारी संध्याकाळी पत्रिका बंद करा. नंतर आलेले सगळे शेवटच्या दहा मिनिटांत, वेळ उरला तर.

अवांतर: काल कोणीतरी 'कार्यसूची' लिहिलं, कोणी 'विषयपत्रिका', आमच्या नातीच्या तोंडी 'अजेंडा'. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा एक बहुभाषी कोश करवून घेतला होता, १९३१ चा. गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी असे शेजारी शेजारी रकाने. दफ्तरात कोणता शब्द वापरायचा याचा घोळ महाराजांनाही पडला असणार. अवांतराबद्दल क्षमस्व.

पोहेवाला_नव्हे | बुधवार, दुपारी १२:४०

काका, असलं अवांतर रोज चालेल.

अळणी | बुधवार, दुपारी १:००

एक्सेलमध्येही रेघा मारता येतात.

शेवपरमल | बारा दिवसांनी, सोमवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

शून्यएक यांच्या पद्धतीनं सर्व्हरचं वर्क पॅकेज केलं. माणूस म्हणून माझंच नाव, कारण दुसरं कोणाचं टाकावं ते सुचलं नाही. जुनीफाईल काकांचं ऐकून नाव बदललं. आता नुसतं 'हलवणे' नाही. 'टेस्ट सर्व्हर भाड्याच्या क्लाउडवर हलवण्याच्या मासिक खर्चाला मंजुरी घेणे'. आणि विषय क्रमांक १ वर ठेवला.

मागच्या सोमवारी साडेदहाला तो वाचला. शांतता. मग एकजण म्हणाला, "मंजुरी कोण देणार पण?" बघायला गेलं तर त्या खोलीतल्या नऊ जणांपैकी खर्च मंजूर करायचा अधिकार एकालाही नाही. मलाही नाही. तो आमच्या मोठ्या साहेबांना, आणि साहेब मीटिंगला शेवटच्या पाच मिनिटांत गाडीतून फोनवर जोडले जातात. तोवर आम्ही विषय पुढे ढकललेला असतो. अकरा आठवडे आम्ही अशा माणसाच्या होकाराची वाट बघत होतो जो तो विषय निघायच्या वेळी आलेलाच नसायचा.

तिथल्या तिथे फोन लावला. साहेब राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये. मागून हॉर्न. म्हणाले, "कितना लगेगा?" मी आकडा सांगितला. म्हणाले, "तो करो ना भिया. मुझसे पूछा किसने?" कॉल एकूण चाळीस सेकंद. निष्पत्तीच्या रकान्यात नव्या पोरीनं लिहिलं, 'मंजूर', आणि बरोबर वेळ टाकली, १०:३४.

दुसरी गोष्ट अजून पूर्ण जमली नाही. शुक्रवारी पत्रिका बंद केली, तर शनिवारी चार मेसेज की आमचा विषय राहिला. आज दोन घेतले, दोन नाकारले. नाकारलेल्यांपैकी एक जण जेवताना माझ्याशी बोलला नाही. बॅकलॉगमध्ये आज सतरा विषय आहेत, त्यातले निम्मे नुसती नामं. काका, ते सगळे तुमच्या पद्धतीनं लिहायचे म्हणजे माझा रविवार गेला.

आणि वर्क पॅकेजमध्ये आकड्याचा एक रकाना वाढवलाय. टॅब उघडून मोजायचा कंटाळा येतो म्हणून. रकान्याचं नाव 'रेघा'. हिंदीवाल्या पोरांनी विचारलं हे काय. सांगितलं, लोकमान्य नगरातल्या एका आजींची सिस्टिम आहे.

मोरपंखी | सोमवार, रात्री १०:३७

अरे देवा. सासूबाईंच्या फोटोसमोर वाचून दाखवलं आत्ता. चार झाल्या की पाचवी आडवी मारायची, विसरू नकोस.

टिचकी | सोमवार, रात्री १०:४०

थोडक्यात मीटिंगची गरज नव्हती, एक फोन पुरला. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

गराडू | सोमवार, रात्री १०:४६

टिचकी, तो फोन लावायचा हे मीटिंगमध्येच कळलं ना?

टिचकी | सोमवार, रात्री १०:४७

बाराव्या मीटिंगमध्ये.

शेवपरमल | सोमवार, रात्री १०:५२

दोघंही बरोबर. बाय द वे, पाऊण तासाची मीटिंग आज पस्तीस मिनिटांत संपली. उरलेल्या दहा मिनिटांत सगळे जुन्या सर्व्हरच्या खोलीतला एसी आता कोणाच्या टेबलाकडे लावायचा यावर भांडले. तो पुढच्या सोमवारचा विषय २.

जुनीफाईल | मंगळवार, सकाळी १०:०५

एसीला 'मंजुरी देणे' की 'नोंद घेणे' ते आधी ठरवा. बाकी या धाग्याचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात यावे. सूचक, मी.

गराडू | मंगळवार, सकाळी १०:२०

अनुमोदक, गराडू.

शून्यएक | मंगळवार, सकाळी १०:२१

कोरम आहे का?

लष्करकर | मंगळवार, सकाळी १०:३०

नाही. सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी.